उजवीकडचे आकडे

कृष्णाकाठ हळद परीक्षण केंद्रात संगणक चौदा होते, पण भांडणं व्हायची ती चार नंबरवरून. हळदीच्या दर्जाच्या दाखल्यावर शेवटची सही उमटवायचा हक्क त्या एकट्या संगणकाला होता. मार्चमध्ये सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे रंगात आले की त्या टेबलापुढं माणसं ताटकळत उभी राहायची. खुद्द व्यवस्थापक चौगुले साहेबांना तिथं काही काम निघालं, तरी आधी पद्माक्कांना खुर्चीवरून उठवावं लागे. पद्मावती उपाध्ये या केंद्राच्या प्रमुख परीक्षक. चोवीस वर्षांची नोकरी आणि साहेबांपेक्षा वयानं मोठ्या.

"जरा दम धरा साहेब," त्या मान वर न करता म्हणायच्या. "हळद काय पळून चालली नाही."

ऋचा कोगनोळे नेटवर्क सांभाळायला रुजू झाली तेव्हा तिला या प्रकाराचं हसूच आलं. कोल्हापूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच बाहेर पडलेली, सव्वीस वर्षांची मुलगी. हक्क टेबलाला कसा असेल, हा तिचा पहिला प्रश्न. टेबलावर कोणीही येऊन बसेल. हक्क माणसाला हवा. पद्माक्का ज्या संगणकावर बसतील तिथं त्यांचे हक्क चालू व्हावेत, त्या उठल्या की बंद व्हावेत. परदेशी खरेदीदारही आता तेच मागत होते. दाखल्यावरच्या प्रत्येक नोंदीमागे एक ओळखता येणारा माणूस पाहिजे, नाहीतर माल बंदरावरून परत.

माणूस ओळखायचा कसा, हा मात्र पेच होता. अंगठ्याचं यंत्र केंद्रात दोनदा बसवून दोनदा काढलं होतं, कारण तिथल्या प्रत्येकाच्या बोटांवर हळदीचं पुट बसलेलं असायचं. चेहरा म्हणावा तर तोंडाला मास्क. पासवर्ड तर सगळ्यांना सगळ्यांचे पाठ होते. शेवटी ऋचानं 'चाहूल' नावाची प्रणाली निवडली.

तिनं ती सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितली. "आपण कळ दाबतो तेव्हा बोट तिच्यावर साधारण सेकंदाचा दहावा भाग टेकलेलं असतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. एका कळीवरून दुसरीवर जायलाही प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. असे हजारो बारीकसारीक वेळ एकत्र मांडले की त्याचा एक आकार तयार होतो, आणि दोन माणसांचा आकार सारखा निघत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातल्यांना कळतं ना, कोण आलं? तसंच. चाळीसेक कळा दाबल्या की चाहूल तुम्हाला ओळखणार."

"मला ओळखायला यंत्र?" पद्माक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "अगं, या पेठेतली कुत्रीसुद्धा मला ओळखतात."

"कुत्र्यांचा दाखला बंदरावर चालत नाही, अक्का."

यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले ते दस्तगीरचाचा. दस्तगीर अत्तार हे केंद्राचे नमुना मदतनीस. पोत्यातून हळकुंडं काढायची, कानाशी धरून मोडायची, त्या कटकन आवाजावरून ओल किती ते आधीच सांगायचं, मग भुकटी करून यंत्रात घालायची, हे त्यांचं काम. ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा त्यांच्या अंदाजाच्या अर्ध्या टक्क्याच्या पलीकडे क्वचित जायचा. पण पदाच्या यादीत मदतनिसाला संगणक लागत नाही, त्यामुळे ऋचानं ज्या तेरा जणांची खाती उघडली, त्यांत चाचांचं नाव नव्हतं. त्यांनीही ते मागितलं नाही.

ऋचाला हळदीच्या धुरळ्यानं शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून ती सहसा वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून खाली उतरायची नाही. चाचाच चहा घेऊन वर यायचे. टेकून बसायचे आणि हमखास एक तक्रार करायचे.

"पोरी, हल्लीच्या हळदीला वासच राह्यला न्हाई बघ. रंग हाय, मोडायला बी झकास. पर वास? माती हुंगल्यागत वाटतंय."

ही तक्रार ते वर्षभर करत होते. त्यांच्या नाकाची ख्यातीच अशी, की चौगुले साहेबांनी कृषी महाविद्यालयाला रीतसर पत्र लिहून विचारलं होतं, नव्या वाणांत काही दोष शिरलाय का. उत्तर अजून यायचं होतं.

चाहूलला माणसं शिकायला एक महिना दिला होता. त्या महिन्यात सगळ्यांनी नेहमीसारखं काम करायचं होतं. महिन्यानंतर ऋचानं तेरा आकार तपासले तेव्हा सर्वांत नीटस आकार पद्माक्कांचा निघाला. अक्षरांचे वेळ एकमेकांना चिकटून होते, आकड्यांचेही तसेच, आणि अक्षरांवरून उजवीकडच्या आकड्यांकडे जायला त्यांच्या हाताला जवळजवळ वेळच लागत नव्हता. सत्तावन्न वर्षांच्या बाईचा हा वेग पाहून ऋचा चकित झाली होती. तिनं तो आलेख छापून खाली पाठवला. पद्माक्कांनी त्यात चहापत्तीची पुडी बांधली.

चार नंबरची भांडणं संपली. साहेब आपल्या टेबलावरून सही करू लागले. पद्माक्का मात्र कुठंही बसायची मुभा असून जुन्याच खुर्चीत बसत राहिल्या.

आठ महिन्यांनी, नोव्हेंबरच्या एका सकाळी, ऋचाच्या पडद्यावर एक पिवळी खूण दिसली. 'पद्मावती उपाध्ये. मूळ आकारापासून अंतर २.४. मर्यादा ३.' अंतर तीनवर गेलं की चाहूल सहीचा हक्क आपोआप थांबवणार होती आणि साहेबांना सूचना जाणार होती.

कुणी दुसराच माणूस अक्कांच्या खात्यात शिरला असता तर अंतरानं एकदम उडी मारली असती. ही उडी नव्हती. उतारावरून सायकल सोडावी तशी रेषा महिन्यामागून महिना सरकत आली होती. बोट कळीवर टेकायचा वेळ वाढला होता असंही नाही. तो अनियमित झाला होता. एकदा कमी, एकदा जास्त, पुन्हा कमी. ऋचा खुर्चीत मागं टेकली. हा नमुना तिनं एम.एस्सी.च्या प्रकल्पात पाहिला होता.

कंपवातात मेंदूतल्या ठरावीक पेशी हळूहळू मरत जातात. हात डोळ्यांना दिसेल इतका थरथरू लागतो तोवर त्यांतल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. पण बोटांचा ताल त्याच्या कितीतरी आधी बिघडतो. इतका बारीक, की माणसाला स्वतःलाही कळत नाही. कळफलकाला कळतं. अडीच वर्षांपूर्वी या रोगावर एक नवं औषध आलं होतं. गेलेल्या पेशी ते परत आणत नव्हतं, उरलेल्यांना सांभाळत होतं. त्यामुळं ते लवकर मिळालं तरच उपयोग. थरथर दिसू लागल्यावर आलेल्या रोग्यांना डॉक्टर ते देतच नसत. आणि दिसायच्या आधी आलेल्यांकडून ते पुरावा मागत. सहा महिन्यांची तरी बोटांची नोंद, त्या माणसाच्या नावावर.

पुढचे दोन दिवस ऋचा शिंका देत खाली जाऊ लागली. तिनं अक्कांची पाण्याची बाटली भरून आणली. त्यांच्या डब्याचं झाकण उघडून दिलं. जिन्यावरून उतरताना त्यांचा हात धरला. तिसऱ्या दिवशी अक्कांनी तिला नमुन्यांच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"काय झालंय गं मला?"

"कुठं काय?"

"मग झाकणं काय उघडून देतेस? काल नमुन्याची बरणी हातातून काढून घेतलीस. मी काय बाळंतीण आहे?"

ऋचाला खोटं नीट बोलता येत नसे. तिनं सांगून टाकलं. रेषेचा उतार, बोटांचा ताल, कंपवात, औषध, सगळं. बोलताना मधे दोनदा शिंकली आणि शेवटी तिचे डोळे पाण्यानं भरले, ते शिंकांमुळंच असं नाही.

 पद्माक्कांनी मेजावरची काचेची कुपी घेतली. कुपीच्या अरुंद गळ्यावर केसाएवढी एक रेघ असते, द्रव नेमका त्या रेघेला टेकवायचा असतो. ड्रॉपरमध्ये अल्कोहोल घेऊन त्या एकेक थेंब सोडू लागल्या. कोपर कुठंही टेकवलं नव्हतं. शेवटचा थेंब ड्रॉपरच्या टोकाला लोंबत राहिला, त्यांनी तो तसाच धरून ठेवला, मनात पाच आकडे मोजावेत इतका वेळ, आणि मग सोडला. द्रव रेघेला टेकला.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "कुठाय तुझा कंपवात?"

ऋचा कुपीवर वाकली. "असं कसं होईल? अक्का, तुमच्या खात्यावर आणखी कोण बसतं?"

"बसत कुणी नाही. दस्तगीरभाई उभे असतात."

"कुठं?"

"उजवीकडं. आकडे ते टाकतात. अक्षरं माझी, आकडे त्यांचे. पहिल्यापासून."

अक्कांना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. खूप वर्षांपूर्वी यंत्राचा आकडा चाचांनी ओरडून सांगितला होता आणि अक्कांनी गडबडीत तो उलटा टाकला होता. एका गावाचा अख्खा माल नापास झाला. त्या दिवशी अक्कांनी नियम केला, की ज्यानं काटा बघितला त्यानंच आकडा टाकायचा. मधे दुसरं डोकं नको. तेव्हापासून चाचा यंत्रावरून सरळ टेबलाशी यायचे, उभ्या-उभ्या उजव्या हाताच्या तीन बोटांनी आकडे दाबायचे आणि वळायचे. अक्का तोवर पुढचं वाक्य लिहायला लागलेल्या असायच्या.

ऋचानं कपाळाला हात लावला. अक्षरांवरून आकड्यांकडे जायला वेळच न लागणारा तो हात! तो एक हात नव्हताच. तिनं दोन माणसं मोजली होती आणि एक लिहिलं होतं. एका खात्यामागे एकच माणूस असतो हे गृहीत धरताना ती एकदाही खाली येऊन बघून गेली नव्हती, शिंका येतात म्हणून.

चार नंबरवरच तिनं नोंदी वेगळ्या केल्या. अक्षरं एकीकडे, उजवीकडचे आकडे दुसरीकडे. अक्षरांची रेषा आठ महिने सुतात होती. उतार सगळा आकड्यांत होता.

ऋचानं आकड्यांच्या रेषेवर बोट ठेवलं.

"अक्का," ऋचानं हळूच विचारलं, "चाचांना वास येतो का नीट? या रोगात हाताच्याही आधी वास जातो. कधीकधी कितीतरी वर्षं आधी."

"न यायला काय? हल्लीच्या हळदीलाच..."

पद्माक्का थांबल्या. उठून कपाटाशी गेल्या, कालच आलेल्या राजापुरी हळदीची बरणी काढली, झाकण उघडलं आणि नाक खाली नेलं. मग दुसरी बरणी, मग तिसरी.

"वास आहे गं," त्या म्हणाल्या. "खच्चून आहे. मला वर्षभर येतोय. पण ते नाही म्हणाले, तर मला वाटलं, माझंच नाक उतारवयात उगाच लाड करतंय."

ऋचाच्या डोक्यात एक सोपा मार्ग होता. तिनं तो लगेच बोलून दाखवला. "मर्यादा वाढवणं माझ्या हातात आहे. तीनच्या जागी पाच. पिवळी खूण जाईल, तुमची सही राहील, कुणाला काही कळायचं नाही."

"आणि औषध?"

"त्याला नोंद लागते. नोंद तुमच्या नावावर आहे. ती चाचांची आहे असं केंद्रानं लिहून दिलं, तरच डॉक्टर धरतील. आणि तसं लिहून द्यायचं म्हणजे..."

"म्हणजे आठ महिने माझ्या हक्कानं दुसऱ्यानं आकडे टाकले, हे कबूल करायचं."

"हो. सही जाईल अक्का. जुन्या दाखल्यांवरही प्रश्न येतील. दुसरा मार्ग म्हणजे चाचांचं खातं आज उघडायचं आणि नवीन सहा महिने थांबायचं."

"तोवर हात दिसायला लागला तर?"

ऋचानं पडद्याकडं बोट केलं. रेषेचा उतार तिच्यासमोरच होता.

पद्माक्कांना निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. चोवीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही दाखला परत आला नव्हता, आणि हे त्या लग्नकार्यातसुद्धा सांगत. त्यांनी बरण्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावली.

"दुपारी त्यांना सांगू," त्या म्हणाल्या. "जेवण झाल्यावर. उपाशीपोटी माणसाला असलं काही सांगू नये."

चाचांनी जेवून पान लावलं तेव्हा अक्का दोन बरण्या घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"डोळे मिटा. आणि ओळखा."

"आता ह्या वयात आंधळी कोशिंबीर व्हय?" चाचांनी हसत डोळे मिटले. पहिली बरणी नाकाशी आली. "राजापुरी. वास मेला कमीच हाय, पर राजापुरीच." दुसरी आली. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, मान कलती केली. "ही सेलम. तुम्ही मला फसवताय व्हय?"

त्यांनी डोळे उघडले. दुसरी बरणी रिकामी होती. धुऊन, पुसून, उन्हात वाळवलेली.

पद्माक्कांनी मग सांगितलं. रेषांचं ऋचानं सांगितलं.  उजवा हात पुढं धरून चाचांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. हात हलत नव्हता.

"बाजारात लोकं म्हणत्यात," ते शेवटी म्हणाले, "दस्तगीरचं नाक म्हणजे देणगी हाय. आणि मी सगळ्या शेतकऱ्यांना सांगत सुटलो, तुमच्या मालाला वास न्हाई. काय पाप केलं बघा."

"ते राहू द्या. औषध घ्यायचंय."

"किती सोपं सांगता. आणि तुमची सही?"

"तुम्हाला कोणी सांगितलं सहीचं?" अक्कांनी ऋचाकडे डोळे वटारले.

"कुणी सांगायला पायजे का? मी काय दगड हाय? माझं बोट तुमच्या खात्यात, म्हंजे चोरी तुमच्या घरात. न्हाई अक्का. तुमची सही घालवून मला ते औषध नको. माझा हात थरथरला तर थरथरू दे. न्हाईतरी आता काय गोट्या खेळायच्यात?"

"तुम्हाला विचारलंय कोण?"

"माझ्या हाताचं मला न्हाई विचारायचं तर कुणाला?"

"आकडा कुणाचा? ज्यानं काटा बघितला त्याचा. हे मी तुम्हाला शिकवलं का तुम्ही मला?"

"तुम्ही."

"मग हे आठ महिन्यांचे आकडे तुमचे आहेत. माझ्या नावावर पडलेत, ते मी तुम्हाला परत देते. दुसऱ्याचं ठेवून घ्यायची आमच्याकडं रीत नाही. आणि उगाच मोठेपणा करू नका, मी सकाळीच अर्ज दिलाय साहेबांना."

चाचा तोंडात पान धरून बघत राहिले. मग ऋचाला म्हणाले, "बघितलंस? चोवीस वर्षं हेच. आधी करायचं, मग मला विचारल्यासारखं करायचं."

चौगुले साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अक्का, अकरा महिने राहिले होते. तुम्ही मला हे सांगितलंच नसतं तर?"

"तर तुम्हाला पुढच्या महिन्यात यंत्रानं सांगितलं असतं. आणि तेही चुकीचं सांगितलं असतं."

अर्जाखाली ऋचाचाही एक कागद होता. त्यात तिनं लिहिलं होतं, की प्रणाली बसवताना टेबलावर प्रत्यक्ष काम कसं चालतं हे पाहणं तिची जबाबदारी होती आणि ते तिनं पाहिलं नाही. साहेबांनी तो वाचून तिच्याकडे बघितलं. "तुलाही आत्ताच खरं बोलायचं सुचलं होय?" असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

चौकशी तीन आठवडे चालली. मुंबईहून दोघं तपासनीस आले. नशिबानं प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग केंद्रात सीलबंद राहतो. त्यांनी त्या आठ महिन्यांतल्या चारशे बारा दाखल्यांतले साठ हाताला लागतील तसे निवडले आणि ते नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेतले. साठपैकी एकही आकडा ठरलेल्या फरकाबाहेर गेला नाही. पाहुण्यांपैकी एकानं चाचांना विचारलं, तुम्हाला हे यंत्र चालवायचं शिक्षण कुठं मिळालं. चाचा म्हणाले, "अक्कांनी शिव्या देऊन शिकिवलं."

दाखले वाचले. सही वाचली नाही. नियम मोडलाच होता, आणि पद्माक्कांचा सहीचा हक्क निवृत्तीपर्यंत काढून घेतला गेला. शेवटची सही साहेब करणार, अक्का निरीक्षण लिहिणार आणि चाचा आपल्या नावानं आकडे टाकणार, असं नवं धोरण ऋचानं लिहिलं. चाचांचं खातं उघडलं की एका दाखल्यावर तीन माणसांची नावं येणार होती. खरेदीदारांना ते उलट आवडलं. हक्क गेल्यावर पहिल्या दिवशी अक्कांनी निरीक्षण लिहून संपवलं आणि सवयीनं सहीच्या कळीकडं हात नेला. पडद्यावर 'आपल्याला हा हक्क नाही' अशी ओळ आली. त्यांनी ती वाचली, मांडीवर हात घेतला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर नीट केलं. ते सरळच होतं. 

केंद्राच्या शिक्क्याचं पत्र आणि आठ महिन्यांच्या आकड्यांची नोंद घेऊन तिघं मिरजेला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या केल्या, नोंद पाहिली आणि औषध लिहून दिलं. "अगदी काठावर आलात," ते म्हणाले. "आणखी थोडे दिवस गेले असते तर मी नाही म्हटलं असतं." औषध किती लागू पडतंय ते सांगायला त्यांनी वर्ष मागितलं. वर्षभर रोज बोटांची नोंद पाहिजे म्हणाले, या वेळी चाचांच्या स्वतःच्या नावावर.

फेब्रुवारीत एका सकाळी चाचा पाच नंबरच्या संगणकापुढं प्रथमच खुर्चीवर बसले. ऋचानं खातं उघडलं. दस्तगीर अत्तार, परीक्षण सहायक. चाहूलनं पहिली ओळख करून घ्यायला त्यांना काहीतरी लिहायला सांगितलं. नुसते आकडे चालणार नव्हते, निदान दोनशे अक्षरं हवी होती.

"काय लिहू?"

"काहीही. मनात येईल ते."

चाचांनी कळफलकाकडे पाहिलं. डावीकडचा तो सगळा प्रदेश त्यांना परका होता. एक बोट हवेत फिरू लागलं. 'अ' सापडला. 'क' शोधताना ते बोट दोनदा त्याच्यावरून पुढं गेलं. पाठीमागं उभ्या असलेल्या पद्माक्कांचा हात आपोआप पुढं आला.

"अक्का, हात मागं!" ऋचा ओरडली. "तुमचं एक बोट जरी लागलं तरी पुन्हा दोघांचं एक होईल."

अक्कांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले. बोट फिरत राहिलं. एका ठिकाणी ते कळीवर कापलं आणि एकाच्या जागी ओळीनं काने उमटत गेले. गेल्या महिन्याभरात असं अधूनमधून होऊ लागलं होतं. चाचांनी खजील होऊन खोडायची कळ शोधायला सुरुवात केली.

"राहू द्या चाचा," ऋचा म्हणाली. "ते खोडू नका. ते शिकलं नाही तर यंत्र उद्या तुम्हाला ओळखणार नाही."

"चुकीचं बी शिकू दे म्हंतीस?"

"तुमचं आहे ते. चुकीचं कसं?"

चाचांनी तिच्याकडे, मग पडद्यावरच्या त्या जास्तीच्या कान्यांकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढची कळ शोधायला लागले. बऱ्याच वेळानं पहिलं वाक्य पुरं झालं. पडद्यावर लिहिलं होतं, 'अक्का मागे उभ्याााा आहेत त्यांना कुणीतरी बसायला सांगा.'

पद्माक्कांनी ते मोठ्यानं वाचलं. मग शेजारची खुर्ची ओढली, चाचांच्या डावीकडं बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाल्या, "हं. लिहा पुढं."